बंद करून चालू करायचं नाही

बाबा, आत परीक्षा चालू आहे आणि मी बाहेर, लॅबच्या दाराशी, लोखंडी कपाटासमोर स्टूल टाकून बसलेय. कपाटात स्विच आहे. त्याचे हिरवे दिवे लुकलुकतायत. आतल्या सगळ्या पोरापोरींचे पेपर त्या एवढ्याशा डब्यातून ये-जा करतायत, आणि तो डबा मी परवा, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या हातानं लावलाय. मोबाईल गेटवर जमा केलाय. कुणाशी बोलायची सोय नाही आणि नुसतं बसवत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच की मी, आज कागदावर भांडते.

तुम्हाला स्विच म्हटलं की येलदरी धरणावरचं तुमचं पॉवर हाऊस आठवेल. हा तसला नाही. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या एका पेटीत येतात ती ही पेटी. तालुक्याच्या या कॉलेजात मी लॅब सांभाळते तेव्हापासूनची जुनी पेटी बिचारी गरीब होती. वायर खुपसली की चालायची, काही विचारायची नाही. पण मोठ्या परीक्षेचं सेंटर पाहिजे असेल तर परीक्षेचे कॉम्प्युटर वेगळे, ऑफिसचे वेगळे, याचा वारा त्याला लागता कामा नये, असा परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा नियम. त्यासाठी हा मॅनेज्ड स्विच आला. याला प्रत्येक भोक कुणाचं ते लॅपटॉपवरून सांगावं लागतं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाईप करायचे, एक अक्षर चुकलं की हा आडमुठ्यासारखा गप्प. हे काम करणारा इंजिनियर नांदेडहून येणार होता. आला नाही, फोनही उचलेना. मग प्राचार्य माझ्या टेबलापाशी आले. ‘म्याडम, तुमीच करा आता. तुमाला येतंय की.’ आणि मी म्हणाले, ‘येतंय.’ का म्हणाले कुणास ठाऊक. आपल्या घरात ‘येत नाही’ म्हणायची कुणालाच सवय नाही, ती तुमचीच देणगी.

सेंटर गेलं तर काय आभाळ कोसळतंय, असं आमचे हेडक्लार्क म्हणतात. त्यांचं काय जातंय? राणीसावरगावच्या बाजूची एक पोरगी वर्षभर माझ्या लॅबमध्ये सरावाला येतेय. एसटीनं येते, एसटीनं जाते, डब्यात रोज चटणी-भाकरी. नर्सिंगला जायचंय तिला, त्याचीच ही परीक्षा. तिच्या बापानं फॉर्म भरायच्या दिवशीच मला तोंडावर सांगितलं होतं, ‘हितं असंल तर बसू द्या. नांदेडला-लातूरला मी पोरीला धाडीत नसतो. मंग सरळ लगीन.’ माणूस वाईट नाही. भितो, आणि भितो म्हणून हेकट. तिच्यासारख्या अजून बऱ्याच असतील, पण मला रोज दिसायची ती ही. तेव्हा माझ्यासाठी सेंटर म्हणजे ती पोरगी, दुसरं काही नाही.

परवा दुपारी कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता. सगळ्या कॉम्प्युटरवर लुटुपुटूची परीक्षा घेऊन बघणार. चाललं तर सेंटर राहील, नाही तर सगळ्यांना नांदेड. मी सकाळीच कपाटासमोर फतकल मारली, एका बाजूला मोबाईलवर शिकवणीचा व्हिडिओ, मांडीवर लॅपटॉप. निळ्या वायरीनं लॅपटॉप स्विचला जोडला तर पडदा काळाच्या काळा. किती तरी वेळ मी त्या काळ्या पडद्यात माझंच तोंड बघत बसले. मग कळलं की लॅपटॉपचा आणि स्विचचा बोलायचा वेग एकच ठेवावा लागतो. तो जुळवला आणि एकदम ओळ उमटली. मी एकटीच टाळी वाजवली बाबा, लहान पोरीसारखी. मग एकेक करत भोकं वाटून दिली, हे परीक्षेला, हे ऑफिसला. तेवढ्यात ऑफिसचं इंटरनेट गेलं. जाणारच होतं, त्यांची वाट मी अजून उघडलीच नव्हती. पण मी जरा पाणी प्यायला म्हणून उठले आणि हेडक्लार्क येऊन बटण बंद करून चालू करून मोकळे. आमच्याकडं सगळ्या रोगांवर हे एकच औषध. मी आले तर म्हणतात, ‘आता बघा म्याडम, कसं चालतंय.’

चालायला काय राहिलं होतं? याला सांगितलेलं याच्या डोक्यात राहतं, पण ते कायमचं जपून ठेव असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं आणि बटण बंद झालं, की हा सगळं विसरतो. मी सांगितलंच नव्हतं. सकाळपासूनचं सगळं काम पुसलं गेलं. मी हेडक्लार्कना नाही नाही ते बोलले. ते बिचारे खांद्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाले, ‘आमी तर चांगल्यासाठीच केलं.’ मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कडी लावून, नळ सोडून, हमसून हमसून. मी संपले होते बाबा. मला वाटलं, सरळ पिशवी उचलावी आणि मागच्या गेटनं निघून जावं. पण जायचं तर त्याच एसटी स्टँडवरून, जिथं ती पोरगी उतरते. तोंड धुतलं आणि परत जाऊन बसले.

दुसऱ्यांदा सगळं लिहिलं तोवर कंपनीचा माणूस आला. तरुण, गोड बोलणारा, घड्याळात बघणारा. लुटुपुटूची परीक्षा सुरू झाली, चांगली चालली, आणि मी लॅबमध्ये जाऊन श्वास सोडते ना सोडते तोच सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी गोठले. सगळे. बाहेर धावले तर स्विचचे झाडून सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे फडफडायला लागलेले. सगळे गोळा झाले. प्राचार्य म्हणतात, ‘काय झालं वो?’ हेडक्लार्क म्हणतात, ‘एकदा बंद करून चालू करा की.’ आमचे शिपाई मामा म्हणतात, ‘करा म्याडम, होतंय.’ कंपनीचा माणूस अगदी हळू म्हणाला, ‘आज नाही झालं तर मला वर कळवावं लागेल.’ आणि माझा हात बटणावर गेला. तुमची लेक, पण माझाही हात बटणावरच गेला.

तुमचा आवाज ऐकू आला, तोही रागातलाच. क्वार्टरमध्ये टीव्हीवर मुंग्या आल्या की मी त्याच्या टाळक्यात चापट मारायची. तुम्ही एकदा माझं मनगट धरलं होतं. ‘मारल्यानं सांगंल का ते, त्याला काय होतंय?’ इतकं जोरात ओरडलात की शेजारच्या काकू दारात आल्या. मला तेव्हा तुमचा लय राग आला होता. टीव्हीला कुणी विचारतं का, की बाबा तुला काय होतंय?

आणि मग तो दिवस. आई भाकरी थापतेय. पॉवर हाऊसची घरघर आम्हाला कधी ऐकू यायची नाही, इतकी ती सदाची. त्या दुपारी ती थांबली आणि आईचा हात परातीतच राहिला. ‘सेट पडला, मशीन बंद झालं,’ ती म्हणाली आणि तुमचा डबा माझ्या हातात दिला, ‘जा, देऊन ये. आता कुठले येतेत ते जेवायला.’ गेटवरच्या काकांनी मला आत सोडलं. तुम्ही त्या मोठ्या पॅनेलसमोर उभे आहात, पाठमोरे. कुठून तरी साहेबाचा फोन वाजतोय, वाजतोच आहे. पॅनेलवर काचेच्या मागं, बिघाड कुठं ते दाखवणारे, छोटे छोटे लाल फ्लॅग पडलेत. नवीन लागलेला एक ऑपरेटर ते उचलायला हात पुढं करतो आणि तुम्ही गरजता, ‘हात मागं! आधी वाच. फ्लॅग उचललास तर मशीन कशानं पडलं ते कोण सांगणार, तुजा बाप?’ आणि स्वतःही हात मागं बांधून एकेक फ्लॅग मोठ्यानं वाचायला लागता. फोन वाजतोच आहे. मी तुमच्या मागं डबा घेऊन उभी. मला तुमचे हात दिसतायत. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट इतकं आवळलंय की बोटं पांढरी पडलीत. मला वाटलं, शिस्त. शाळेत आम्हाला उभं करायचे तशी. पुढं किती तरी वर्षं मी मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा कश्शालाच घाबरत नाहीत.

परवा मी बटणावरचा हात काढला आणि मागं नेला. तो थांबेना. लटलट कापत होता, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं, आवळून. आणि बाबा, तेव्हा कळलं. तुम्ही पण कापत होतात. इतकी वर्षं सांगितलं का नाही? आम्हाला वाटत राहिलं, तुम्ही वेगळ्या मातीचे आणि आम्हीच तेवढे भित्रे. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर परीक्षेच्या आधी मला ओकाऱ्या व्हायच्या तेव्हा मी स्वतःला इतकं कोसलं नसतं. मला तिथंच, सगळ्यांसमोर, तुमचा इतका राग आला आणि इतकी माया आली की डोळ्यांपुढचं दिसेना.

मग पुसले डोळे आणि वाचलं. मोठ्यानं वाचलं, तुमच्यासारखं. काळ्या पडद्यावर एकच ओळ परत परत येत होती. एकाच कॉम्प्युटरचा पत्ता कधी या भोकात दिसतोय, कधी त्या भोकात. भोकांचे दोन्ही आकडे वाचले, दोन्ही भोकं शोधली, एका वायरीला धरून बोट फिरवत गेले तर ती दुसऱ्या भोकातच निघाली. वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत. आतल्या आत गोल गोल फिरून सगळं तुंबलं होतं. असं होऊ नये म्हणून त्यात सोय असते, ती मीच, व्हिडिओत सांगितलं म्हणून, दोन्ही वेळा बंद करून ठेवली होती. मी विचारलं, ‘ही कुणी लावली?’ मामा पुढं आले. ‘म्या लावली, आत्ताच. सायब कपाट बघाया यायलेत, आन् एक टोक खाली लोंबायलंय. बरं दिसंना म्हणून रिकाम्या भोकात बसवून टाकलं.’ पाहुणे यायचे म्हणून घर आवरतात, तसं आवरलं होतं त्यांनी. मी एक टोक उपटलं. दिवे शांत झाले. आतून कुणी तरी ओरडलं, ‘चालू झालं!’ ती सोय परत चालू केली, सगळं जपून ठेव म्हणून हुकूम दिला, परत एकदा दिला, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला टांगलं: बंद करून चालू करायचं नाही. सेंटर राहिलं.

पण राहिलं म्हणजे आजचा दिवस आला. सकाळी गेटवर तिचा बाप होता, धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल. पोरीला आत सोडून माझ्याकडं आला. ‘म्याडम, मधीच बंद तर पडणार न्हाई ना?’ मी म्हणाले, ‘न्हाई पडणार. मी हाय की.’ छातीठोक. आणि इथं येऊन बसल्यापासून प्रत्येक दिवा मोजतेय. मघाशी लाईट गेली. बॅटरीवर हे सगळं चालतं, मला माहीत आहे, मीच लावलंय. तरी जनरेटर सुरू होईपर्यंत मी कपाटाला धरून उभी होते. दारावरच्या काचेतून तिची वेणी दिसतेय. ती मान खाली घालून बसलीय, हलत नाही. पडदा गोठला असेल आणि भिडस्त पोरगी हात वर करत नसेल तर? बाबा, करा हो काही तरी. तुम्हाला काही करता येत नाही हे कळतं मला, तरी म्हणतेय.

सुटली. आत्ता सुटली परीक्षा. परीक्षेच्या खोलीपाशी जो कागद लिहिला गेला तो बाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे, कोरा असो की भरलेला. मामा पोतं घेऊन गोळा करायलेत, हेही त्यातच जाईल. ते तिकडच्या टोकाला आहेत तोवर एवढंच लिहिते. ती बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन एकदम रडायलाच लागली. मी विचारलं, ‘काय झालं? मशीन थांबलं होतं का?’ ती म्हणाली, ‘न्हाई ओ म्याडम, मशीन कशाला थांबतंय? पेपरच लय अवघड होता.’ मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. तिचा बाप लांब गेटपाशी उभा राहून बघत होता. आणि बाबा, ती माझ्या खांद्यावर रडत होती तेव्हा मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना, म्हणून मी तोंड भिंतीकडं केलं.