अस्मिताचा दुसरा फॉर्म

नंदू,

परवा सकाळी मी देवांना गंध लावत होतो, तेव्हा मुलुंडहून तुझा फोन आला. "दादा, अस्मिताचा मेडिकलचा दिल्लीचा फॉर्म भरला. राज्याचा त्यातच आला ना रे?"

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. खरं तर मला सगळं ठाऊक होतं. सरकारी कॉलेजांतल्या शंभरातल्या पंधराच जागा दिल्लीच्या फॉर्मवर मिळतात. उरलेल्या पंच्याऐंशी राज्याच्या, आणि त्यांचा फॉर्म वेगळा. माझ्या दीप्तीचा मी पहिल्याच दिवशी भरला होता.

प्रवेश परीक्षेत तुझ्या मुलीला माझ्या मुलीपेक्षा एकतीस गुण जास्त पडले. गावच्या शाळेत गुरुजी मला म्हणायचे, "धाकट्याकडून शीक जरा." ते अजून झोंबतं. अस्मिता राज्याच्या यादीत नसली तर दीप्ती एक नंबर वर सरकेल, हेच दोन दिवस मनात घोळत होतं. देवापुढे हात जोडले, पण काही मागायची लाज वाटली.

आज शेवटची तारीख. दुपारी तुझी वहिनी म्हणाली, "अहो, भावजींना सांगितलंत ना? नाहीतर पोरीची वाट लागेल."

मी अस्मितालाच फोन लावला. "सगळे कागद घेऊन बोरिवलीला आमच्याकडे ये गं, आत्ताच्या आत्ता."

मघाशी तू फोनवर म्हणालास, "दादा, तू होतास म्हणून." त्यानंतर हे नुसतं लिहून ठेवतोय, तुला पाठवायचा धीर उरला नाही. पण पाच वाजता, दीप्तीच्या वर अस्मिताचं नाव लागेल असा तो फॉर्म मी माझ्या हाताने भरला.

तुझाच,
दादा