भिंतीला हात न लावता

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा लेखी आहे. प्रत्यक्ष घालायचा झाला तर माझ्या खोलीत तो फक्त कर्णावर बसतो, दाराकडे डोकं आणि न्हाणीघराकडे पाय, तेही टेबल मिटलेलं असेल तर.)

तुमचा अंगठा आता कसा आहे? आई म्हणाली हातोडी लागली. मामी म्हणाल्या लावून घेतली, कारण ठोकताना तुमची नजर खिळा सोडून जगभर फिरत होती. दोन्हींतल्या फरकानं अंगठ्याला काही फरक पडत नाही, म्हणून मी कोणाची बाजू घेत नाही. नख काळं पडलं असेल तर ते आपोआप गळेपर्यंत ओढू नका. मामींचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठीक आहे.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. तुमचे हात नेहमी भुशानं भरलेले, म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. तुमचा स्पीकर आईच्या घरापर्यंत ऐकू येतो. मध्ये फक्त एक कुंपण आहे आणि आई बहुतेक वेळा त्याला टेकूनच उभी असते. म्हणून हे पत्र. वाचून झालं की कारखान्यातल्या भुशात टाका, पण पेटवू नका. तुमच्या कारखान्यात काहीही पेटवू नये.

विषय खोलीचा आहे. खोली ३.९२ मीटर लांब, २.६१ मीटर रुंद. तिच्यात मी, एक पलंग, एक मिटणारं टेबल, ओट्याचा एक तुकडा आणि सव्वीस वर्षांत साठलेलं सामान असे सगळे मिळून राहतो. (पंचविसाव्या वर्षापर्यंतचं सामान माझं. पुढचं सगळं आईनं पाठवलं आहे. एका माणसाला पाच चाळण्या कशाला लागतात हे मी तिला दोनदा विचारलं. पहिल्या वेळी सहावी आली, दुसऱ्या वेळी सातवी.) करार एक वर्षाचा, तो पुढच्या एक तारखेला संपतो. त्याच्या आदल्या रविवारी घरमालकीणबाई पाहणीला येतील. भिंती मोकळ्या करून दाखवायच्या. सगळं जागच्या जागी असेल तर करार पुढे, नसेल तर मी घरी परत. घरी माझ्या खोलीत धाकट्या भावानं माशांच्या पाच टाक्या मांडल्या आहेत, आणि "सहा महिन्यांत परत येशील" असं आईनं मला स्टेशनवर, गाडी सुटताना, खिडकीतून हात घालून सांगितलं होतं. अकरा महिने झाले. मला बारावा महिना हवा आहे, आणि त्याच्या पुढचेही.

बाई माझ्या थेट वरच्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं त्यांनी टंकलेखनाचे वर्ग घेतले. करार त्यांनी स्वतः टाइप केला आहे; मी समास मोजला, चारी बाजूंनी पंचवीस मिलिमीटर, एकाही ओळीत चूक नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्यातलं नववं कलम असं: भाडेकरूने भिंत, छत व जमीन यांस खिळा, स्क्रू, गोंद अथवा अन्य कोणतीही कायमस्वरूपी इजा करू नये. हे वाचूनच तुम्ही गेल्या वर्षी म्हणालात, की मग तुला उभं कपाट करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. मी नको म्हणाले. नुसतं नको म्हणाले नाही, तर भिंतीवर भार न टाकता साठवणूक कशी करावी यावर तुम्हाला अठरा मिनिटं समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मामी म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो, पण खोली तिच्या डोक्याएवढी असती तर बरं झालं असतं." ते मी ऐकलं होतं. राग आला नव्हता. नोंद केली होती.

सुरुवात पलंगापासून केली. चारी पायांखाली तीस सेंटिमीटरचे ठोकळे दिले. खाली दोन बॅगा, चाळण्या आणि हिवाळ्याचे कपडे बसले. पलंग मात्र इतका उंच झाला की चढायला स्टूल लागायला लागलं. स्टूल ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते पलंगाखाली ठेवलं. म्हणजे झोपायच्या आधी स्टूल काढायचं, वर चढायचं, आणि मग स्टूल वाटेत राहिलं म्हणून न्हाणीघराचं दार उघडायचं नाही. सकाळी उलट क्रमानं. पुढे गाद्या-दुलया हवा काढायच्या पिशव्यांत भरल्या. मोठी दुलई दबून पापडासारखी झाली, ओट्याखालच्या कपाटाच्या तळाशी गेली, मी खूश. त्या पिशवीला एक भोक होतं. (किती मोठं, ते मी नंतर प्रयोगशाळेत पाहिलं: मिलिमीटरचा दहावा भाग.) चार दिवस दुलई आपल्या गतीनं श्वास घेत राहिली आणि पाचव्या दिवशी, मी भांडी घासत असताना, कपाटाचं दार उघडून बाहेर आली. मी तिला आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाजूला झाले.

मग सहा दांडे आणले. तुम्ही पाहिले असतील: जमिनीपासून छतापर्यंत उभे करायचे, मधली नळी फिरवली की दांडा लांब होतो आणि दोन्हीकडे दाबून घट्ट बसतो. खिळा नाही, गोंद नाही, नववं कलम शाबूत. दांड्यांच्या मधे आडव्या फळ्या अडकवल्या की भिंतभर कपाट तयार. मी छताची उंची लेसरनं सहा ठिकाणी मोजली, दांडे ओळंब्यात उभे केले, आणि माहितीपत्रकात दिलेल्या ताकदीनं घट्ट केले. अंदाजानं नाही. ठरलेली ताकद लागली की टक् करून थांबणारा पाना असतो, तो वापरून. (माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे: इतरांची मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे मी तपासते. आई शेजाऱ्यांना सांगते की मी पट्ट्यांची परीक्षा घेते. बरोबर सांगते.) सामान बसलं. चाळण्यांसकट बसलं. मी खोलीच्या मधोमध हात पसरून उभी राहिले आणि हात कशालाही लागले नाहीत. दहा सेकंद उभी होते.

पुढच्या रविवारी तपासलं तर सहाही दांडे थोडे ढिले. मी पुन्हा टक् होईपर्यंत घट्ट केले आणि फिरवून किती मिलिमीटर लांब झाले ते लिहून ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ढिले. पुन्हा घट्ट. नऊ रविवार हे चाललं. मी त्याचा आलेखही काढला. रेषा इतकी सुरेख चढत गेली, की ती काय सांगते आहे हे विचारायचं राहूनच गेलं. कारण म्हणून तापमानाचा फरक असं लिहिलं आणि खाली सही केली.

आता वरच्या मजल्यावरचं ऐका. याच दिवसांत बाईंच्या झोपायच्या खोलीचं दार जमिनीला घासायला लागलं. एका सकाळी तर बाई आत आणि दार हलेना. त्यांनी खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली, त्यानं वर जाऊन खांद्यानं धक्का दिला, दार उघडलं, दूध सांडलं. सुतार आला, खालून रंधा मारून गेला. आठवड्यानं पुन्हा आला. जिन्यात बाई मला थांबवून म्हणाल्या, "अगं, दार फुगतंय माझं. तू शिकलेली आहेस, सांग बघू, लाकूड किती फुगतं?" मी शिकलेली आहे, म्हणून सांगितलं. ओलावा, लाकडाचे रेषे, आडवं फुगणं, उभं फुगणं, सगळं. हवेतला ओलावा मोजायचं एक यंत्रही आणून दिलं आणि रोज दोनदा नोंद करा म्हटलं. बाईंनी केली. कोरड्या हवेतही दार फुगत राहिलं. तिसऱ्या खेपेला सुतार म्हणाला, "बाई, दार नाही वाढत, तुमचं घर वाढतंय." यावर बाई आणि मी दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

मागच्या मंगळवारी ते यंत्र तपासायला मी वर गेले. सुतारानं प्रत्येक खेपेला किती लाकूड काढलं ते दाराच्या कडेवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, तारखेसकट. नेटका माणूस आहे, तुम्हाला आवडेल. तीन, तीन, दोन, तीन. चारही तारखा सोमवारच्या. मी रविवारी दांडे घट्ट करते. बेरीज अकरा मिलिमीटर. माझ्या आलेखाचं शेवटचं टोक अकरा मिलिमीटर.

मामा, ते छत काँक्रीटचं नाही. खालून पांढरा पत्रा मारला आहे, वर जुन्या लाकडी तुळया आणि फळ्या आहेत, आणि त्यांच्यावर बाई राहतात. तुम्ही असता तर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकून सांगितलं असतं. मी लेसर लावला. म्हणजे नऊ आठवडे मी माझी भिंत, माझं छत, माझी जमीन यांना ओरखडाही न काढता घरमालकिणीला पलंगासकट वर उचलत होते. दर रविवारी, टक् होईपर्यंत.

आता अडचण अशी. पाहणीसाठी दांडे काढले तर वरची जमीन खाली बसणार आणि चार वेळा तासलेल्या दाराखाली अकरा मिलिमीटरची फट पडणार. समास एका अक्षरानं हलला तर ज्यांना लांबून दिसतो, त्यांना ती दिसेल. दांडे नाही काढले तर पाहणीच होणार नाही. मी पर्याय कागदावर मांडले. तीन निघाले. तिसरा म्हणजे धाकट्याच्या टाक्यांमधे पलंग बसतो का ते मोजून घ्यायचं. बसत नाही.

असो. काळजीचं कारण नाही. ऑफिसचं काम बरं चाललं आहे. मामींना नमस्कार.

आपली भाची

ता. क. काही हवं आहे का, असं तुम्ही आईजवळ विचारल्याचं कळलं. नको आहे. पण तुमच्याकडे जुन्या सागवानाची पट्टी पडून असेल, तर माहितीसाठी कळवते: लांबी ८१२, जाडी ३५, उंची ११ मिलिमीटर. रंग काळपट तपकिरी. बाई शनिवारी चार ते सहा बहिणीकडे असतात. मी काही सुचवत नाही. फक्त मोजमाप दिलं.

ता. क. २. वरचं रद्द समजा. पाकीट चिकटवून झालं होतं, फोडून पुन्हा लिहिते आहे. पाकीट डकवताना लक्षात आलं की माझी सही असलेल्या त्या कागदावर कारण चुकीचं लिहिलं आहे, आणि चुकीच्या कारणाखाली सही ठेवून मला झोप लागणार नाही. आलेख घेऊन वर गेले. सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला, आलेख बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "समास सोडलायस. बरं केलंस." मग विचारलं, "म्हणजे ही जमीन तू उचललीस?" मी म्हटलं, हो, अकरा मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं माझा पलंग दर आठवड्याला खिडकीकडे सरकत होता. सोमवारी ओढून आणायचा, रविवारपर्यंत परत खिडकीत. दोन महिने झाले, जागचा हलला नाही. मला वाटलं मीच जड झाले." जमीन पूर्वीच खचलेली होती, मामा. मी ती सपाट केली. दार खचलेल्या जमिनीच्या मापाचं होतं. पाहणी तिथल्या तिथे झाली. त्या खाली आल्या, माझ्या दांड्यांना एकेक करून बोट लावलं आणि चाळण्या मोजल्या. मग वर जाऊन टंकलेखन यंत्रापाशी बसल्या. नवा करार पाच वर्षांचा आहे. नववं कलम आता असं: भाडेकरूने खोलीत उभे केलेले सहा दांडे कोणत्याही कारणास्तव काढू, हलवू अथवा सैल करू नयेत.

ता. क. ३. सही मात्र अजून झालेली नाही. बाईंचं म्हणणं, लाकडातलं कळणाऱ्या, घरच्या मोठ्या माणसानं येऊन तुळया ठोकून बघाव्यात आणि ठीक आहेत म्हणावं, मगच सही. "तुझा लेसर नको," असंही म्हणाल्या. तर येत्या रविवारी तुम्ही याल का? हेच विचारायला पत्र लिहायला घेतलं असावं, असं आता वाटतं. सुरुवातीला तसं वाटलं नव्हतं. तुळया वाईट निघाल्या तर तसंच सांगा, माझ्याकडे बघू नका. आणि आईला घेऊन या. कुंपणापाशी ती अर्धं ऐकणारच, त्यापेक्षा पूर्ण पाहू दे. खोलीत दोन माणसं व्यवस्थित उभी राहतात, मोजून पाहिलं आहे. मी जिन्यात थांबेन.