बटणाचं नाव

प्रिय ठमे,

घरात मधल्या भिंतीपलीकडे तू बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय, माझं मलाच हसू येतंय. पण समोर आले तर काहीतरी भलतंच बोलून बसेन.

आठवतं, तुला वेबपेज शिकवायला बसले तेव्हा दोन दिवसांत वैतागली होतीस? तेव्हा सांगितलं होतं, पानावरच्या बटणाला नाव द्यायचं, पान चालवणारी स्क्रिप्ट त्याच नावाने त्याला शोधते. नाव एका जागी बदललं नि दुसरीकडे जुनंच राहिलं, की बसा दाबत, बटण ढिम्म हलत नाही. तुझं लक्ष लागावं म्हणून मुख्य बटणाला मी तुझंच नाव दिलं. तू खुदकन हसलीस. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर मुख्य बटण म्हणजे 'ठमी'. आपल्या दोघींच्या ऑफिसात कुणाला पत्ता नाही, कोड उघडून बघतो कोण!

दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं पान मी तीन आठवडे मान मोडून केलं, घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर, तुझ्या डोळ्यांदेखत. मी तापाने पडले तेवढ्यात तू ते उचललंस, रंग बदललेस, मजकूर फिरवलास आणि स्वतःचं म्हणून साहेबांना दिलंस. नाव मात्र बदललं नाहीस, बटण बंद पडेल म्हणून. मी शिकवलेलं तेवढं बरं लक्षात राहिलं.

आज बरी होऊन मी माझं पान दिलं, तर काम सारखंच दिसलं म्हणून साहेबांनी दोन्हींचा कोड शेजारी शेजारी उघडला. मला वाटलं, आता सुटले. दोन्हीकडे तेच बटण, तेच नाव. ही ठमी कोण, त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "मला घरी ठमी म्हणतात, सर."

लाडाने दिलेलं नाव माझ्याच गळ्याशी आलं. सख्ख्या बहिणीने केलं हे, कुणाला सांगू?

सोमवारी अकरा वाजता, मी तुझी नक्कल केली अशा कागदावर मला सही करायची आहे. मग इथली नोकरी संपली, दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही. ते नाव तिथे कोणी घातलं, हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. माझ्या जुन्या पानांवरही तेच नाव आहे, पण आता तीही तुझीच धरतील. सोमवारच्या आत साहेबांना जाऊन सांग. नाही सांगितलंस तर सही करीन, भांडणार नाही. फक्त त्यानंतर तुला ठमी म्हणून हाक मारणार नाही.

अजून तरी तुझीच,
ताई