मोठ्या विमानतळावर उतरू

अगं,

दूध तापवून झाकून ठेवलंय. मी तिकीटवाल्याकडे निघालोय.

परदेशी कायमचं राहायला जायचं, तर लेकाच्या गावाजवळच्या लहान विमानतळावरच उतरू, असा हट्ट मी धरला. तिथे रांग लहान असते, असं वाचलंय. पण खरं कारण आमचे साडूमहाराज. ‘मेहुणीबाई, मोठ्या विमानतळावर उतरा, गाडी घेऊन हजर राहतो,’ म्हणाले आणि तू फोनवर खळखळून हसलीस. माझ्या बोलण्यावर तशी हसल्याचं आठवत नाही. कदाचित मीच विसरलो असेन.

पण लहान विमानतळासाठी दोनदा विमान बदलावं लागतं, आणि तुझे गुडघे आधीच कुरकुरतात. म्हणून मोठ्याचंच तिकीट काढतो. फक्त त्यांच्या गाडीत पुढे मी बसेन. त्यांच्या विनोदांना हसायचं कामही मीच करेन.