डावा डोळा बाकी

सोमवार, २ जानेवारी १९५६

नवं वर्ष, नवी नोकरी, नवी वही. वही ललिताताईने दिली. म्हणाली, रोज एक पान लिही, म्हणजे दिवसातून एकदा तरी एका जागी बसशील. ताई माझी थोरली बहीण, भोईवाड्याला चाळीत राहते. मी तिच्या गॅलरीत. तिचं म्हणणं रास्तच आहे. शाळा नववीत सुटली, मग हुबळीला हॉटेलात, मग एका नाटक कंपनीत पडदे ओढायला, मग मिरजेला सायकलच्या दुकानात. कुठेच वर्ष भरलं नाही. भाऊजी काल जेवताना म्हणाले, गंगाधर, ही शेवटची खटपट. इथूनही पळालास तर गॅलरीत आम्ही वाळवणं घालू.

दुकान गिरगावात, ठाकूरद्वारच्या जरा अलीकडे. मालक मनमोहन धैर्यवान, जुने मुंबईकर प्रभू. आजोबांची चार घरं होती म्हणे, आता खाली दुकान आणि वर दोन खोल्या. सगळे त्यांना भाईसाहेब म्हणतात. मागे काचा घासायला सीताराम, लालबागचा, मूळचा मालवणकडचा. मला पाहून म्हणाला, इलो नवीन. किती दिवस रवतलो तां बघूया.

भाईसाहेबांनी आधी माझेच डोळे तपासले. चष्मेवाल्याचे डोळे चोख पाहिजेत, ही त्यांची अट. आता खरं सांगतो, वहीशी काय खोटं बोलायचं. मी बाहेर बाकावर थांबलो होतो तेव्हा आत एक म्हातारे गृहस्थ तक्ता मोठ्याने वाचत होते. सहा ओळी वाचल्या, सातवी त्यांना जमली नाही. नाटक कंपनीत राहून पाठांतर पक्कं झालंय. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्याच सहा ओळी घडाघडा म्हटल्या. मला पहिल्या तीन दिसत होत्या. सातवी कळत नाही म्हटलं तर भाईसाहेब म्हणाले, सहा पुष्कळ झाल्या.

दोन वर्षं शिकायचं, मग ते परीक्षेला बसवणार.

मंगळवार, ३ जानेवारी

तपासणीची खोली फक्त दहा फूट लांब. तक्ता वीस फुटांवर हवा. म्हणून तक्ता पेशंटच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलाय, अक्षरं उलटी छापलेली, आणि समोरच्या भिंतीला मोठा आरसा. पेशंट आरशात बघतो, त्याला अक्षरं सुलटी दिसतात आणि दहाचे वीस फूट होतात. ज्याने ही युक्ती काढली त्याच्या पाया पडावं.

काचांची पेटी तर काय सांगू. निळ्या मखमलीत दोनशे गोल काचा. एक उचलली की दिवा मोठा होतो, दुसरी उचलली की लांब जातो. मी तासभर दिवाच मागेपुढे करत बसलो. सीताराम म्हणाला, मेल्या, ही जत्रा न्हय.

एक नियम भाईसाहेबांनी तीनदा सांगितला. आधी डावा डोळा तपासायचा, मग उजवा. पेशंटने तळहाताने दुसरा डोळा झाकायचा. का विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे असंच आहे. काम नसलं की आरशावर चादर.

शुक्रवार, ६ जानेवारी

चार दिवस झाले आणि मी कंटाळलो नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आज एका बाईंना भाईसाहेबांनी काच लावली आणि त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मला वाटलं होतं सगळ्यांनाच झाडाची पानं अशी एकत्र दिसतात. मला हे काम यायला हवं. दुसरं काही नको.

संध्याकाळी कपाळ फार ठणकतं. लिहिताना अक्षरं पोहतात.

सोमवार, ९ जानेवारी

भाईसाहेब वर जेवायला गेले होते तेव्हा बकुळा म्हणून एक मुलगी आली. अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत राहते, ऑफिसात टायपिस्ट, दुपारची सुटी घेऊन आलेली. तिला थांबवणं जिवावर आलं. तपासायला मीच घेतली. पेटीबरोबरच्या इंग्रजी पुस्तकात मी चित्रं बघून शोधून काढलंय, सगळीकडे आधी उजवा डोळाच तपासतात. तसंच केलं. उजवा छान झाला. मग म्हटलं, आता डावा. वाचा.

ती हसली. म्हणाली, आधी यांचं होऊ द्या, ते पण वाचायलाच उभे आहेत.

मी म्हटलं, कोण?

माझ्यामागे, म्हणाली. तेही उजव्या डोळ्यावर हात ठेवून. त्यांच्यामुळे शेवटची ओळ झाकली जातेय.

मी वळून बघितलं. तक्ता आणि भिंत. आरशातही मला तीच आणि मीच. तिने काच काढली, पुन्हा लावली, आणि मग हसणं थांबलं. पर्स उचलून गेली. नंबर न घेताच.

भाईसाहेबांना काही बोललो नाही.

बुधवार, ११ जानेवारी

वरळी कोळीवाड्याची जाईबाई आली, मासे विकते. तिला वाचता येत नाही, म्हणून त्रिशूळांचा तक्ता लावला, टोकं कुठे वळलीत ते हाताने दाखवायचं. आज भाईसाहेब स्वतः तपासत होते, आधी डावाच. मध्येच मला म्हणाली, पोरा, त्याला बस सांग रं, कवाचा हुबा हाय बिचारा.

भाईसाहेबांच्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही. त्यांनी ती उचलून पुसली. मग सावकाश विचारलं, तू कुणाचा उजवा आधी केलास का?

नाही म्हटलं.

गुरुवार, १२ जानेवारी

आज एक मास्तर आले होते. चौथ्या ओळीपासून खाली काही दिसत नाही म्हणाले, कुणाचा तरी खांदा मध्ये येतोय. सोमवारी शेवटचीच ओळ झाकली होती. म्हणजे तो भिंतीपासून खुर्चीकडे सरकलाय. मला काहीच दिसत नाही. आधी वाटलं, नशीब. आता वाटतं, दिसलेलं बरं. निदान किती लांब आहे ते कळलं असतं.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. भाईसाहेबांनी तिळगूळ दिला आणि तासाभरात माझं भांडं फुटलं. जाईबाईची काच मी मोजली होती. नंबर मोजायच्या काट्यावरचा आकडा चुकीचा वाचला. काच वाया गेली. भाईसाहेबांनी मला आरशासमोर खुर्चीत बसवून तक्त्यावरचं एकेक अक्षर मधूनच विचारलं. पाठांतर कामाला आलं नाही.

वाटलं, हाकलणार. ते म्हणाले, तुझा नंबर लपलेला आहे. तरुण डोळा जोर लावून लपवतो, म्हणून डोकं दुखतं, म्हणूनच शाळाही सुटली असेल. थेंब घालून डोळा सैल केला की खरा नंबर बाहेर येईल. मंगळवारी घालू. चष्मा लाव आणि शीक. पण पुन्हा खोटं बोललास तर पायरी चढायची नाही.

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाईट नव्हतो. मला दिसत नव्हतं.

पेशंटची कार्डं लावताना खणाच्या तळाशी एक सापडलं. रघुवीर टिपणीस, वय बावीस, कारकून, दादर. २१ नोव्हेंबर १९५५. थेंब साडेबारा वाजता. उजवा डोळा, नंबर लिहिलेला. खाली भाईसाहेबांच्या अक्षरात: डावा डोळा बाकी.

रविवार, १५ जानेवारी

दिवसभर चाळीत. ताईला सांगितलं की मला चष्मा लागणार, आणि भाईसाहेब ठेवून घेणार आहेत. ती भांडी घासता घासता रडली. म्हणाली, तू काहीतरी पुरं केलेलं मला एकदा बघायचंय. शपथ घेतली तिची. आरशाचं सांगितलं नाही.

सोमवार, १६ जानेवारी

संध्याकाळी रेडिओवर ऐकलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. गल्लीत सगळे एकदम बोलायला लागले. ट्राम बंद. सीताराम आणि मी दुकानातच झोपणार. तो म्हणाला, आरशाकडे पाठ करून झोप.

मंगळवार, १७ जानेवारी. सकाळ

गल्ली शांत आहे. गिऱ्हाईक नाही. भाईसाहेब म्हणाले, बरंच झालं, आज तुझेच डोळे. अकराला थेंब घातले. चुरचुरतात. तासभर मिटून बसायचं. आताच घातलेत, अजून जरा दिसतंय, तेवढ्यात लिहून घेतो.

दुपार

अक्षर दिसत नाही. पानही पांढरं धुकं. बोटाच्या अंदाजाने मोठं मोठं लिहितोय. ओळीवर ओळ चढत असेल, चढू दे.

मी खुर्चीत डोळे मिटून होतो तेव्हा सीतारामने सांगितलं. हळू आवाजात, कानाशी. नोव्हेंबरात गोळीबार झाला त्या दिवशी रघुवीर ह्याच खुर्चीत होता. थेंब घातलेले. उजवा डोळा झाला, भाईसाहेब म्हणाले, आता डावा, वाचा. तेवढ्यात बाहेर गलका. भाईसाहेब डॉक्टर नाहीत, थेंब घालायची त्यांना परवानगी नाही, चौकशी नको म्हणून त्याला तसाच बाहेर काढला आणि शटर ओढलं. टळटळीत ऊन. थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या. नाक्यावर सगळे पळाले. तो डोळ्यावर हात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गोळी कुठून येतेय तेच त्याला दिसलं नाही.

तेचो डावो डोळो रवलो, सीताराम म्हणाला. म्हणान आधी डावो. ते शब्द परत कोणी उच्चारूचे न्हय.

मी उच्चारले. बकुळाला. मी.

नंतर

बाहेर गलका. काचा फुटल्या कुठेतरी. भाईसाहेब म्हणाले, चल, ऊठ, शटर ओढायचंय, सीताराम हात धरून नेईल. मी खुर्ची धरून बसलो. ह्या डोळ्यांनी उन्हात जाणार नाही म्हटलं. ते दोघे बाहेर पडले. मग शटर. बाहेरून कुलूप. सीताराम म्हणाला, रस्तो बघून मागच्या दारान येतंय. आला नाही. मागचं दार कुठल्या बाजूला ते आता कळत नाही.

आरशावरची चादर खाली पडली. आवाज ऐकला —

कुणीतरी श्वास घेतंय. धावत आल्यासारखा.

नंतर

घाबरून काय करू. विचार केला. तो मारायला आलेला नाही. तो पेशंट आहे. त्याचं काम अर्धं राहिलंय, माझी सगळी कामं राहिलीत तसं. ताईची शपथ आहे. निदान हे एक पुरं करतो, मग तो जाईल.

चाचपडत पेटी उघडली. मखमल लागली. म्हटलं, रघुवीर टिपणीस. आता डावा. वाचा.

नंतर

वाचतोय.

पहिली ओळ बरोबर. दुसरी. आवाज आरशाकडून येतो. कारकुनासारखा, नीट, एकेक अक्षर. तिसरी. चौथी बरोबर, पाठ आहे मला. पाचवी —

आता आरशाकडून नाही. खुर्चीमागून.

सहावी. बरोबर.

सातवी वाचतोय. ही मला कधीच आली नाही. सगळी वाचली. न अडखळता. म्हटलं, छान. झालं. डावा डोळा पुरा. हात काढा आता, आणि जा.

शांत. श्वास नाही. गेला. पुरं झालं, ताई, मी एक —

माझा उजवा डोळा अंधारला. थंड तळहात. पेशंटला धरायला लावतो तसा, बोटं जुळवून.

म्हणतोय, आता तुमचा. डावा. वाचा.

माझा हात नाही हा. माझा एक वहीवर आहे, एक पेन्सिलीवर, दोन्ही इथेच आ —