मागच्या चाकाखालचा कागद

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार. आपला गुडघा व वहिनींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असावेत, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम. किंचित डावीकडे झुकलेली आहे, इतकेच. अक्षर तिरके वाटल्यास कारण योग्य स्थळी निवेदन करीन.

आपल्या भगिनीस जाऊन सात महिने झाले. तिची ती दगडधोंड्यांत हिंडणारी अवाढव्य गाडी (जिच्यात मी पती या नात्याने केवळ दोनदा बसलो, दोन्ही वेळा डोळे मिटून) आपल्या नावे करून देण्याचे मी कबूल केले व फॉर्मवर सहीही केली. मात्र आपण म्हणालात, "भाऊजी, आधी सस्पेन्शन किती वाकतं ते मोजून ठेवा." त्यानुसार आज सकाळी मी मिस्त्रीच्या आवारात हजर झालो.

मोजणीची रीत अशी, की लोखंडी चढावर पुढचे एकच चाक चढवावयाचे. बाकीची तीन जमिनीवर. गाडी वाकडी होत जाते, आणि मागचे चाक जमीन सोडू लागले की थांबावयाचे. चाक जितके चढले त्या अंतरास पुढच्या-मागच्या चाकांतील अंतराने भागून हजाराने गुणावे. गणित निर्दोष आहे. फक्त त्यात चालकाचा विचार केलेला नाही. चालक मिस्त्री असणार, असा माझा समज होता. ज्याची गाडी तोच चालक, असा मिस्त्रीचा होता.

मिस्त्रीच्या पत्नीने मागच्या चाकाखाली सरकवण्यासाठी कागद मागितला. (चाक उचलले गेले की कागद अलगद निघतो, हीच थांबण्याची खूण.) मी न बघताच खिशातला पहिला कागद देऊन टाकला.

उजवे चाक चढू लागले, तसा मी आभाळाकडे निघालो. "साहेब, डोळे उघडा! डोळे मिटून गाडी चढवतं का कुणी?" मिस्त्री ओरडला. "बाई तर इथं शीळ घालत चढायच्या," त्याची पत्नी म्हणाली. (मला शिडीची दुसरी पायरी चढतानाही हिला हाक मारावी लागे, हे तिला कुठून माहीत असणार?) तेवढ्यात आसनाखालून हिच्या चष्म्याचे घर निघाले आणि सर्रकन डाव्या दारापाशी जाऊन आपटले. मी ब्रेक दाबला. "अजून वीतभर!" मिस्त्री म्हणाला. पुढे चढावर एक पिवळी रेघ होती. हिने गाडी तिथपर्यंत चढवली होती, त्याची ती खूण.

वहिनींस नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
भगिनीपती

ता. क. : हे पत्र हिच्या वहीच्या पानांवर, त्याच चढावर, गाडीतच बसून लिहीत आहे. हँडब्रेक ओढला आहे, तरी ब्रेकवरचा पाय काढवत नाही. मिस्त्रीची पत्नी पत्र आपल्या घरी आणून देईल.

पुन्हा ता. क. : चाकाखाली दिलेला कागद म्हणजे गाडी आपल्या नावे करण्याचा, मी सही केलेला फॉर्म होता. मिस्त्री म्हणतो, मागे आलात तर फाटेल. वीतभर वर गेलात तर अखंड निघेल.

शेवटचा ता. क. : मी वर जाण्याचे ठरवले आहे. फॉर्म अखंड निघाला तरी कृपया मागू नये. गाडी मला हवी आहे. आपण मात्र तातडीने यावे व शेजारी बसावे (चष्म्याचे घर आधी उचलून घ्यावे). आपल्या वजनाने आकडा चुकेल. चुकू द्यावा.