लामणदिव्याची साखळी

उन्मेष,

घरमालक करार वाढवायला आज येतायत, म्हणून तू ऑफिसातून फोन केलास, "अम्मीनं दिलेलं ते चिनीमातीचं अंडं काढून ठेव. लामणदिवा राहू दे." मागच्या वर्षी तू त्यांना माझं नाव नीरजा सांगितलंस, तेव्हा मीही मान डोलावली होती.

आज स्टुलावर चढले. मशिदीत दिव्यावर टांगतात तसं ते निळं अंडं तुझ्या आईंच्या लामणदिव्याच्या साखळीत तूच ओवलं होतंस, यार. दिवा उतरवल्याशिवाय ते निघत नाही.

मग मी काहीच काढलं नाही. उलट दिवा लावला. आता अंड्यावरचं ‘अल्लाह’ दारातूनही दिसतंय.

हे आत्ता पाठवलं तर तू धावत येशील, म्हणून पाठवत नाही. बेल वाजतेय. नाव विचारलं, तर माझंच सांगेन.

नसीम